पस्तीस सेंटचं तिकीट

पाकीट पाच आठवड्यांनी पोचलं, जेलरोडच्या पत्त्यावर,
एका कोपऱ्यात ओल धरून सुकलेलं.
दादांनी आधी तिकीट पाहिलं, मग मला हाक मारली.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये तिकिटंच छापली त्यांनी.
अजूनही भोंगा झाला की घड्याळ लावून घेतात,
आणि पत्र कुणाचंही असो, आधी भिंग काढतात.

‘निळा रंग सरकलाय जरा,’ म्हणाले.
‘पण ही वर उडालेली कोण? पाय तुझ्यासारखे दिसतात.’

मेरेआनाचा देश एवढासा,
की शाळेच्या नकाशात त्याचं नाव पाण्यावर लिहितात,
जमिनीवर मावत नाही.
तिथे ज्यूदो खेळणारे अकरा. बावन्न किलोत ती एकटी.
सरावाला भाऊ होता; भाऊ बोटीवर गेला तेव्हा
बंदरावरचा एक हमाल, मग भाचा,
ज्याचे दुधाचे दात अजून पडायचे होते.
काथ्याच्या थरावर जुन्या शिडाचं कापड ताणून
त्यालाच मॅट म्हणायचं.
(आमच्याकडे, बिटकोच्या मागच्या हॉलमध्ये,
कापसाच्या गाद्या. मधोमध खड्डा.
कुठूनही फेका, माणूस त्याच खड्ड्यात.)

स्पर्धेला निघायचं तर चार विमानं, तीन दिवस,
आणि वाटेत कुठेतरी एक तारीखच गळून पडायची.
उद्घाटनाला झेंडा तिच्या हातात, मागे तिची मावशी:
तीच प्रशिक्षक, तीच डॉक्टर, तीच व्यवस्थापक,
टाळ्याही तिनंच वाजवायच्या.

नऊ वर्षांत सोळा लढती.
ताश्कंदला बारा सेकंद.
उलानबातरला एकवीस, त्यातले सहा पट्टा नीट करण्यात.
एकदा कोपर निखळलं, ते मावशीनं
विमानतळाच्या बाकावर बसवलं.
पंधरा हरली.

सोळावी माझ्याशी, जकार्तात.

‘सोपा ड्रॉ आहे,’ सर म्हणाले होते.
मी पुढच्या फेरीतल्या कोरियन मुलीचा विचार करत
हिची कॉलर धरली.
ती खाली गेली. बुटक्या दारातून कुणी
डोकं वाकवून घरात यावं, तशी
माझ्या काखेखालून आत आली.
मग छताचे दिवे, एक पंखा,
आणि पंचाचा सरळ वर गेलेला हात.

घरी सांगितलं, पाय घसरला.
सरांना, असोसिएशनला, पुढे बँकेतल्या मुलाखतीतही
तेच सांगितलं. पाय घसरला.
बावीस वर्षांत ते इतकं गुळगुळीत झालं
की मलाही घाम आठवायचा मॅटवर सांडलेला,
कुणाचा तरी.

दादा भिंग धरून बसले.
खिडकीतून एकलहऱ्याच्या चिमण्यांचा धूर
एका बाजूला कललेला.
‘घसरलेला पाय असा नसतो,’ म्हणाले शेवटी.
‘दोन्ही पाय हवेत आहेत तुझे.
तिनं उचललंय तुला.’
मी कणीक मळत होते. मळत राहिले.

पत्रात चारच ओळी.
मला आधी विचारायचं होतं, तिनं लिहिलंय,
पण पोस्टमास्तर म्हणाले, पडणाऱ्याची परवानगी लागत नाही.
आमच्या बेटांवर आता सगळे तुझे पाय ओळखतात.
भाच्याला मुलगी झाली.

संध्याकाळी वर्गात बारा पोरं होती.
पडायचं कसं, ते दाखवायला मीच पडले,
नेहमीपेक्षा दोनदा जास्त.
घरी आले तर दादा अल्बम उघडून बसलेले,
डिंकाची बाटली, चिमटा, दिवा जवळ ओढलेला.
‘उलटं लावू का?’ म्हणाले. ‘तू उभी दिसशील.’

‘नको. आहे तसंच लावा.’

त्यांनी कडेच्या छिद्रांवरून नख फिरवलं.
‘छिद्रं मात्र सुरेख पाडलीत,’ म्हणाले,
‘एवढासा देश, पण.’